मुलांना ॲसिडिटीचं आणि अपचनाचं औषध देताना: बाटली उघडण्याआधीपासून ते औषध थांबवेपर्यंत

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना घरात तिच्या दोन बाटल्या होत्या. एकीत गॅसचे थेंब, दुसरीत ॲसिड कमी करणारं औषध. एका रात्री अडीच वाजता, डोळे पुरते उघडलेले नसताना, मी एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या औषधात बुडवला. दोन्ही ड्रॉपर दिसायला सारखे, पण त्यांवरच्या खुणा वेगळ्या होत्या. सकाळी ते धुताना चूक लक्षात आली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बाळाचं वजन विचारलं, साधारण किती औषध पोटात गेलं असेल ते विचारलं आणि घाबरण्याचं कारण नाही असं सांगितलं. फोन ठेवल्यावरही माझे हात थरथरत होते.

त्यानंतर लहान मुलांच्या पोटाच्या औषधांबद्दल मी जे वाचत, विचारत आणि शिकत गेले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही, म्हणून कुठल्याही औषधाचा नेमका डोस मी देणार नाही. तो मुलाचं वजन, वय आणि आजार बघूनच ठरतो. पण डोस ठरल्यानंतर घरात जे घडतं ते सगळं आपल्या हातात असतं, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

आधी ठरवा: हा आजार आहे का?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते झडपेसारखं काम करतं. लहान बाळांमध्ये ते वेळी-अवेळी सैल पडतं. त्यात बाळाचं जेवण सगळं पातळ आणि बाळ दिवसाचा बराच वेळ आडवं. म्हणून दूध वर येतं. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं. बाळ बसायला लागलं, घट्ट अन्न खायला लागलं की कमी होत जातं आणि १२ ते १८ महिन्यांपर्यंत बहुतेक मुलांमध्ये आपोआप थांबतं.

दिवसातून पाच-सहा वेळा दूध टाकणारं, पण हसणारं, पिणारं, वजन वाढणारं बाळ आजारी नसतं. त्याच्यापेक्षा आपले कपडेच जास्त त्रासात असतात. अशा बाळाला औषध देऊन काही मिळत नाही. रडणाऱ्या, कुरकुरणाऱ्या तान्ह्या बाळांवर ॲसिड कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. रडणं कमी होण्याच्या बाबतीत ही औषधं नुसत्या गोड पाण्यासारख्या खोट्या औषधापेक्षा सरस ठरली नाहीत. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आम्ही औषध सुरू केलं होतं ते मुख्यतः तिच्या रडण्यासाठीच.

हे वर येणं म्हणजेच रिफ्लक्स. तो आजार ठरतो तो त्यातून त्रास व्हायला लागल्यावर. म्हणजे वजन अडतं, बाळ दूध बघून तोंड फिरवतं, पिताना कमान करून मागे झुकतं आणि कळवळतं, सतत खोकला किंवा घरघर राहते. मोठ्या मुलात छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, गिळताना दुखणं ही लक्षणं दिसतात.

या लक्षणांवर घरी औषध देऊ नका

पोटाचं औषध देऊन वाट बघण्यात वेळ जाऊ नये अशी काही लक्षणं आहेत. ती दिसली तर बाटलीकडे हात न नेता डॉक्टरांकडे निघायचं.

उलटीत हिरवा रंग दिसला तर आतड्यात अडथळा असू शकतो. तान्ह्या बाळात ही तातडीची बाब आहे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं, काळी डांबरासारखी शी, फुगलेलं आणि ताठ पोट, ताप, फुगलेली टाळू, बाळ हलवूनही नीट जागं न होणं, सहा-आठ तास लघवी नसणं, यांतलं काहीही असलं तरी तेच. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची उलटी पिचकारीसारखी लांब उडत असेल आणि उलटीनंतर लगेच ते पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. त्यावर इलाज शस्त्रक्रियेचा आहे, औषधाने फक्त दिवस वाया जातात. उलट्या पहिल्यांदा सहा महिन्यांनंतर सुरू झाल्या, किंवा वर्ष उलटूनही थांबल्या नाहीत, तरी तपासणी हवी.

मोठ्या मुलांत ‘अपचन झालंय’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं ॲपेंडिक्सचं असू शकतं. पोटदुखी आणि उलट्यांच्या जोडीला खूप तहान, वारंवार लघवी आणि उतरलेलं वजन असेल तर ती मधुमेहाची सुरुवात असू शकते. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी. घास वारंवार छातीत अडकत असेल तर साध्या ॲसिडिटीपलीकडे काहीतरी आहे.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. रांगणारं किंवा चालणारं मूल अचानक लाळ गाळायला लागलं, गिळेना, उलट्या करायला लागलं, तर त्याने बटणासारखी चपटी बॅटरी गिळली असण्याची शक्यता लक्षात घ्या. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. लोहचुंबकाचे तुकडे गिळले असतील तरी तितकीच घाई हवी. शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.

औषधाआधी करून बघण्यासारखं

एका वेळी कमी आणि जास्त वेळा दूध पाजा. वरचं दूध असेल तर एकूण प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण जास्त पाजणं हे दूध टाकण्याचं फार साधं कारण आहे. मध्येमध्ये ढेकर काढा आणि पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरा. अंगावरचं दूध या कारणासाठी बंद करू नका.

काही बाळांत रिफ्लक्ससारखा त्रास खरं तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीमुळे होतो. शीमध्ये रक्त किंवा शेंब, अंगावर खाज, चट्टे अशी जोड असेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे ते दूध पूर्ण बंद करून बघायला सांगतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला त्या काळात स्वतःच्या आहारातून दुधाचे पदार्थ काढावे लागतात. हे मनाने सुरू करू नका. आईच्या कॅल्शियमचाही विचार करावा लागतो.

झोपेबद्दल मात्र तडजोड नाही. दूध वर येतं म्हणून बाळाला पालथं झोपवणं, उशी देणं, पाळण्याचा डोक्याकडचा भाग उंच करणं यांपैकी काहीही करू नये. सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवणं हेच सुरक्षित. पाठीवर झोपल्यावर दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहज शिरत नाही.

कुठलं औषध काय करतं

हातात आलेली बाटली कुठल्या जातीची आहे हे माहीत असलं की निम्म्या चुका टळतात.

अल्जिनेट हे समुद्री शेवाळापासून काढतात. जठरात ते दाट होतं आणि अन्न वर यायला अडवतं. बाळांसाठीची पुडी वेगळी आणि मोठ्यांचं पातळ औषध वेगळं, हे लक्षात ठेवा. मोठ्यांच्या औषधात बहुधा सोडा आणि कॅल्शियमही असतं. बाळांच्या पुडीतही सोडियम असतं, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मुलाला, किंवा ताप, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालेल्या बाळाला ती विचारल्याशिवाय देऊ नये. दूध दाट करणारी दुसरी पावडर चालू असेल तर दोन्ही एकत्र नकोत.

नेहमीची अँटासिड म्हणजे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचे क्षार. ही मोठ्यांच्या घरात सहज सापडतात म्हणूनच धोक्याची. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना ॲल्युमिनियम नीट बाहेर टाकता येत नाही, ते शरीरात साठतं. कॅल्शियम जास्त झालं तर रक्तातलं गणित बिघडतं. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठता. खाण्याचा सोडा किंवा पाण्यात फसफसणारी पावडर लहान मुलाला चमचाभरही देऊ नये. त्यातल्या सोडियमने बाळाच्या रक्तातला क्षारांचा तोल धोकादायकरीत्या ढळू शकतो.

ॲसिड तयार होणं कमी करणाऱ्या औषधांचे दोन गट आहेत. पहिल्यात फॅमोटिडीनसारखी औषधं येतात. ती लवकर परिणाम दाखवतात, पण काही आठवड्यांत शरीर त्यांना सरावतं. याच गटातलं रॅनिटिडीन पूर्वी बाळांना सर्रास दिलं जायचं. त्यात एनडीएमए नावाचा कर्करोगाचा धोका वाढवू शकणारा घटक सापडला आणि २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आलं. मोठ्या भावंडाची जुनी बाटली कपाटात उरली असेल तर ती वापरू नका.

दुसऱ्या गटात ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही औषधं येतात. जठरातले ॲसिड बनवणारे सूक्ष्म पंप ती बंद करतात. अन्ननलिकेला खरोखर इजा झालेली असेल तेव्हा ती फार उपयोगी आहेत. पण जठरातलं ॲसिड जंतूंशी लढण्याचंही काम करतं. ते महिनोन्महिने दाबून ठेवलं तर पोटाचे आणि फुप्फुसांचे संसर्ग वाढू शकतात, हाडांवर परिणाम होऊ शकतो, मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होऊ शकतं. म्हणून ही औषधं देताना डॉक्टर सहसा चार ते आठ आठवड्यांची मुदत ठरवून देतात.

डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड ही उलटी थांबवणारी, जठर लवकर रिकामं करणारी औषधं. यांच्या बाबतीत मी कठोर आहे. मेटोक्लोप्रामाइडने मुलांची मान वाकडी होणं, डोळे वर फिरणं, जबडा आखडणं असे झटके येऊ शकतात. युरोपात २०१३ पासून एक वर्षाखालच्या बाळांना ते निषिद्ध आहे. डोमपेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, विशेषतः एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं किंवा फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध यांच्याबरोबर दिल्यास. मोठ्यांच्या ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये ते जोडीला घातलेलं असतं, आणि नाव वाचून ते कळत नाही. म्हणून मोठ्यांची कॅप्सूल अर्धी करून मुलाला देणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट.

सिमेथिकोन म्हणजे गॅसचे थेंब. ते रक्तात शोषले जात नाहीत, पोटातल्या बुडबुड्यांवर तिथल्या तिथे काम करतात. धोका कमी, पण बाळाच्या पोटशुळावर उपयोगही फारसा सिद्ध झालेला नाही. ग्राइप वॉटरमध्ये काय असतं ते कंपनीनुसार बदलतं. दिलंच तर लेबल वाचून, साखर आणि मद्यार्क नसलेलं. वर्षाखालच्या बाळाला मध कशातही मिसळून देऊ नका. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो.

राहिलं बिस्मथ सबसॅलिसिलेट, पोट बिघडल्यावर मोठे घेतात ते गुलाबी औषध. हे ॲस्पिरिनच्या कुळातलं आहे. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये मुलांना आणि किशोरांना अशी औषधं दिल्यास राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा आजार होऊ शकतो. ते घरात असेल तर मुलांच्या औषधांपासून वेगळं ठेवा.

डॉक्टरांकडून निघण्याआधी

औषधाचं मूळ नाव काय, डोस किती मिलिग्रॅम आणि म्हणजे किती मिलिलिटर, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस. एवढं कागदावर लिहून घ्या. शेवटचा प्रश्न आपण विचारायला विसरतो. मग चार आठवड्यांसाठी सुरू झालेलं औषध सहा महिने चालतं, कारण थांबवा असं कुणी सांगितलेलं नसतं. मुलाला चालू असलेली इतर सगळी औषधं, टॉनिक आणि लोहाचे थेंबही सांगा.

आजचं वजन त्याच कागदावर लिहा. बाळाचं वजन झपाट्याने बदलतं, आणि दोन महिन्यांपूर्वीचा डोस आज लागू पडेलच असं नाही.

डोस मोजणं

इथे थोडा वेळ थांबूया, कारण मोठी चूक इथेच होते.

मिलिग्रॅम म्हणजे औषधाचं वजन. मिलिलिटर म्हणजे पातळ औषध किती घ्यायचं ते. समजा डॉक्टरांनी ६ मिलिग्रॅम सांगितलं (हे आकडे फक्त गणितासाठी, कुठल्या औषधाचा डोस नव्हे). बाटलीवर लिहिलं आहे, ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, आणि ६ मिलिग्रॅमसाठी लागतील ३ मिलिलिटर. घाईत कुणी ‘सहा’ हा आकडा धरून ६ मिलिलिटर भरलं तर बाळाला १२ मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट औषध जाईल. त्याच औषधाचे थेंब आले तर ते सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असू शकतात. नवीन बाटली आणली, कंपनी बदलली, की हे गणित पुन्हा करा आणि औषध देणाऱ्या फार्मासिस्टकडून तपासून घ्या. त्यांना विचारण्यात संकोच नको, ते त्यांचं कामच आहे.

दशांशचिन्हाने फार घात होतो. ‘१.०’ मधला टिंब पुसट झाला तर तो १० वाचला जातो; ‘.५’ चा ५ होतो. म्हणून स्वतःच्या कागदावर ‘१’ आणि ‘०.५’ असंच लिहा, किंवा अक्षरांत ‘अर्धा मिलिलिटर’ लिहा.

घरातला चमचा वापरू नका. औषधाच्या भाषेत चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५, पण स्वयंपाकघरातले चमचे त्या मापाचे नसतात. सगळ्यात चांगली ती तोंडाने औषध द्यायची सुई नसलेली सिरिंज. डोस १ मिलिलिटरच्या आसपास असेल तर १ मिलिलिटरचीच सिरिंज घ्या. ५ च्या सिरिंजवर अर्धा मिलिलिटर नीट दिसत नाही. सिरिंजच्या टोकाला छोटं झाकण असेल तर ते आधीच काढून टाका, ते घशात उडून अडकल्याच्या घटना घडल्या आहेत.

बाटली आधी चांगली हलवा. सस्पेन्शन प्रकारातलं औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले दिवस पातळ डोस आणि शेवटचे दिवस तीव्र डोस जातो. सिरिंज भरल्यावर टोक वर करून टिचकी मारा, हवेचा बुडबुडा बाहेर काढा, आणि खूण डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा. दट्ट्याची वरची कड बघायची. आमच्या घरी बरोबर खुणेवर एक रंगीत टेपची पट्टी चिकटवली होती, म्हणजे रात्री कुणीही उठलं तरी माप एकच. आणि ड्रॉपर त्याच्याच बाटलीचा, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

प्रत्यक्ष पाजताना

बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, डोकं थोडं वर, मान मागे झुकलेली नको. सिरिंजचं टोक जिभेवर सरळ न ठेवता गालाच्या आतल्या बाजूला न्या. अर्धा-पाऊण मिलिलिटर सोडा, गिळू द्या, मग पुढचं. घशात जोरात पिचकारी मारली की ठसका लागतो आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. रडत असताना, झोपेत असताना किंवा नाक दाबून औषध कधीही पाजू नका. बाळ फारच चिडलं असेल तर दहा मिनिटं थांबा, या औषधांत दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

दुधाच्या भरलेल्या बाटलीत औषध मिसळायचा मोह टाळा. बाळाने अर्धं दूध सोडलं तर किती औषध गेलं ते सांगता येत नाही. पुडीतलं अल्जिनेट याला अपवाद आहे. ते वरच्या दुधात किंवा थोड्या पाण्यात लेबलवर सांगितलं असेल तसं मिसळायचं असतं.

ओमेप्राझोलसारख्या औषधांचं वेगळंच आहे. ती खाण्याच्या सुमारे अर्धा तास आधी द्यायची, कारण जेवण सुरू झालं की ॲसिडचे पंप कामाला लागतात आणि त्याच वेळी औषध तिथे पोचलेलं हवं. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर ॲसिडपासून बचाव करणारं आवरण असतं. दाणे कुटले किंवा चावले की आवरण फुटतं आणि औषध जठरातच नासतं. कोमट किंवा गरम पदार्थात आणि दुधात ते आवरण विरघळू शकतं. म्हणून कॅप्सूल उघडायची परवानगी डॉक्टरांनी दिली असेल तर दाणे चमचाभर गार, किंचित आंबटसर फळाच्या गरात टाकून लगेच, न चावता गिळायला द्यायचे. ज्या बाळाला अजून असं घट्ट काही देत नाही त्याच्यासाठी पातळ स्वरूपातलं औषध मागून घ्या.

चघळायच्या गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या मुलाला घशात अडकू शकतात.

अँटासिड आणि इतर औषधं यांत साधारण दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या औषधाशी मात्र चार तासांचं. लोह, थायरॉइडचं औषध आणि काही प्रतिजैविकं अँटासिडमुळे नीट शोषली जात नाहीत.

औषध दिल्यावर उलटी झाली तर

रिफ्लक्सच्या बाळात हा प्रश्न रोजचाच. दिल्याबरोबर, पहिल्या काही मिनिटांत, औषधाचा सगळा रंग दिसेल अशी उलटी झाली तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून डोस पुन्हा देता येतो. त्यानंतर झालेल्या उलटीत किती औषध आत राहिलं ते कुणालाच कळत नाही, म्हणून आपल्या मनाने दुसरा डोस देऊ नका. ॲसिडच्या औषधाचा एखादा डोस चुकल्याने फारसं बिघडत नाही. दुप्पट डोसने बिघडू शकतं. विसरलेल्या डोसचंही तेच. पुढच्या वेळी नेहमीइतकंच द्यायचं, भरपाई म्हणून जास्त नाही.

आई, बाबा, आजी असे तिघे बाळाला सांभाळत असतील तर डोस दोनदा जाण्याची भीती खरी असते. फ्रिजवर कागद लावा आणि औषध दिल्यावर वेळ आणि नाव लिहा. ‘तुम्ही दिलंत ना, आई?’ असं विचारत बसण्यापेक्षा हे बरं, आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

चुकून जास्त गेलं, किंवा मुलाने स्वतःच बाटली तोंडाला लावली, तर उलटी करवू नका. बाटली हातात घ्या, किती उरलं ते बघा आणि लगेच डॉक्टरांना किंवा विषबाधा मदत केंद्राला फोन करा. मूल गुंगीत असेल, श्वास जड असेल, आकडी आली असेल तर फोनवर वेळ न घालवता इस्पितळात न्या आणि बाटली बरोबर न्या.

एक घटना मुद्दाम सांगते. २०१९ मध्ये स्पेनमध्ये काही बाळांच्या अंगावर अचानक दाट केस उगवायला लागले. त्यांना ओमेप्राझोल म्हणून दिलेल्या औषधात खरं तर केस वाढवणारं मिनॉक्सिडिल भरलं गेलं होतं. आईवडिलांची काहीच चूक नव्हती. पण म्हणूनच औषध सुरू झाल्यानंतर दिसलेला कुठलाही नवा, विचित्र बदल डॉक्टरांना सांगावा आणि औषध संपेपर्यंत खोका, त्यावरचा बॅच नंबर जपून ठेवावा.

थोडं मोठ्या मुलांबद्दल

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पोटदुखीमागे बऱ्याचदा बद्धकोष्ठता असते. शी किती दिवसांनी होते, कडक असते का, हे आधी विचारा. रिकाम्या पोटी दिलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने जठर दुखावू शकतं. दुखणं फक्त शाळेच्या दिवशी सकाळी होत असेल तर ते ढोंग समजू नका. भीती आणि ताण खरोखर पोटात दुखवतो, आणि त्यावर अँटासिड हा इलाज नाही. लगेच आडवं न होणं, रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकणं, वजन जास्त असेल तर हळूहळू आटोक्यात आणणं, घरात कुणी धूम्रपान न करणं, याने बराच फरक पडतो. एवढं करूनही आठवड्यातून अनेकदा अँटासिड लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

औषध थांबवताना

मुदत संपत आली की आठवडाभर आधी एक साधी नोंद सुरू करा: दिवसातून किती वेळा दूध टाकलं, किती प्यायलं, झोप कशी, वजन किती. फरक पडलेला नसेल तर डोस वाढवण्याआधी निदानच बरोबर आहे का, हे डॉक्टरांना विचारा. फरक पडला असेल तर औषध कसं बंद करायचं ते विचारा. ॲसिडचे पंप अनेक आठवडे दाबून ठेवलेले असतील तर औषध एकदम बंद केल्यावर काही दिवस ॲसिड उलट जास्त तयार होतं. तो आजार परतला असं वाटून पुन्हा औषध सुरू करण्याची चूक होते. काही डॉक्टर म्हणूनच डोस हळूहळू कमी करत नेतात.

आमच्याकडे औषध सुरू केल्यापासून सहाव्या आठवड्यात ते बंद केलं. पहिले तीन-चार दिवस ती कुरकुरली, मग थांबली. दूध मात्र ती अकराव्या महिन्यापर्यंत टाकत राहिली, औषध असतानाही आणि नसतानाही. उरलेली बाटली मी औषधांच्या दुकानात परत नेऊन दिली, कारण घरात राहिली असती तर पुढच्या वेळी कुणाच्या तरी पोटात दुखल्यावर ती नक्की उघडली गेली असती.